एफएओस्टॅटचा अन्न-ताळेबंद: बेटांवरची ‘चरबीतली प्रथिने’ काढायला कितपत कामाचा?

एफएओस्टॅट हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आकडेवारीचे कोठार. वापरायला पैसे लागत नाहीत आणि अन्नाचे आकडे थेट १९६१ पासूनचे मिळतात. इथे त्यातल्या ‘फूड बॅलन्सेस’ (अन्न-ताळेबंद, म्हणजे देशात किती अन्न पिकले-आले आणि त्यातले खाण्यासाठी किती उरले याचा हिशेब) या एकाच विभागाबद्दल लिहिले आहे, आणि तेही एका ठरावीक कामापुरते: लहान विकसनशील बेट-राष्ट्रांत माणशी रोज किती प्रथिने प्राणिज चरबीतून मिळतात, हे काढायचे असेल तर. निकाल आधीच सांगून टाकतो. कोठार म्हणून पाचपैकी चार. या ओळीसाठी पाचपैकी दीड, आणि त्यातला अर्धा गुण व्याख्या उघडपणे दिल्याबद्दल.

नागपुरात हा विभाग लागतो कोणाला? गृहविज्ञान आणि आहारशास्त्राच्या प्रोजेक्टवाल्यांना, माफसूत (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात) मांस किंवा दूध तंत्रज्ञान शिकणाऱ्यांना, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल-चरबीचा अभ्यास करणाऱ्यांना. ‘प्राणिज चरबी’ आणि ‘प्रथिने’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की विषय भारदस्त वाटतो, आलेख उतरत किंवा चढत गेला की निष्कर्षही आपोआप सुचतो. मुळात ही ओळ काय मोजते, ते न बघता.

आकडा काढायची पद्धत

‘डेटा’ मध्ये गेल्यावर फूड बॅलन्सेसचे दोन वेगळे संच दिसतील. एक २०१३ पर्यंतचा, जुन्या पद्धतीचा आणि जुन्या लोकसंख्येचा. दुसरा २०१० पासूनचा, नव्या पद्धतीचा. चालू अभ्यासाला दुसरा घ्यावा.

पहिल्या चौकटीत देश निवडायचे असतात. तिथे ‘स्पेशल ग्रुप्स’ वर जाऊन ‘स्मॉल आयलंड डेव्हलपिंग स्टेट्स’ शोधा. त्याचा कोड ५८०३. या नावापुढे दोन पर्याय येतात, ‘टोटल’ आणि ‘लिस्ट’. टोटलने गटाचा एकच आकडा मिळतो, लिस्टने प्रत्येक देश वेगळा. लिस्टच घ्या, कारण पुढे येईलच. दुसऱ्या चौकटीत एलिमेंट, म्हणजे काय मोजायचे ते: ‘प्रोटीन सप्लाय क्वांटिटी’, ग्रॅम प्रति माणूस प्रति दिवस, कोड ६७४. त्याच्यासोबत ६४५ म्हणजे वर्षाचे माणशी किलो, ६८४ म्हणजे रोजची स्निग्धता (फॅट) आणि ५११ म्हणजे लोकसंख्या हेही टिकमार्क करा. नुसता ६७४ घेऊन निघालात तर आकडा तपासायची सोयच उरत नाही. तिसऱ्या चौकटीत ‘आयटम्स ॲग्रिगेटेड’ उघडून ‘ॲनिमल फॅट्स’ (२९४६) निवडा, इथे मात्र टोटल आणि लिस्ट दोन्ही. लोकसंख्येचा आयटम वेगळा आहे, २५०१, तोही घ्यायचा. शेवटी वर्षे.

डाउनलोड सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या फाइलमध्ये) घेतले की एक खोडी आहे. या गटातल्या आयटमच्या नावांतच स्वल्पविराम आहेत: ‘फॅट्स, ॲनिमल्स, रॉ’, ‘बटर, घी’, ‘फिश, बॉडी ऑइल’. फाइलमध्ये ही नावे अवतरणचिन्हांत असतात, पण एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ ने नुसत्या स्वल्पविरामावर तोडले आणि अवतरणाची खूण निवडली नाही, तर ओळ सरकते आणि वर्षाच्या रकान्यात नावाचा तुकडा, आकड्याच्या रकान्यात वर्ष किंवा एकक असा गोंधळ होतो. गोंधळ नेमका आपल्याला हव्या त्या ओळींतच होतो, गहू-तांदूळ व्यवस्थित दिसतात, म्हणून पटकन लक्षात येत नाही. ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ ने फाइल आत घ्या, किंवा सरळ एक्सेलच्या स्वरूपातच उतरवा. सगळ्या जगाची एकत्र झिप फाइल घेतलीत तर एम-४९ कोडच्या (संयुक्त राष्ट्रांनी देशांना दिलेल्या क्रमांकाच्या) आधी एक ॲपॉस्ट्रॉफी लागून येते. दुसऱ्या तक्त्याशी जोडताना ती काढावी लागते.

इथपर्यंत सेवा उत्तम. मोबाइलवर चौकट्या नीट हाताळता येत नाहीत आणि मराठी किंवा हिंदी पर्याय नाही, एवढीच कुरकुर. लॅपटॉपवर बसलात तर चहा निवायच्या आत तक्ता हातात असतो.

आता त्या तक्त्यात काय आहे

‘ॲनिमल फॅट्स’ या डब्यात पाच वस्तू आहेत: कच्ची प्राणिज चरबी (२७३७), लोणी-तूप (२७४०), क्रीम (२७४३), माशाच्या शरीराचे तेल (२७८१) आणि माशाच्या यकृताचे तेल (२७८२). मटण, चिकन, मासे, दूध, अंडी यांतली चरबी इथे नाही. ती ज्या-त्या वस्तूच्या खात्यात जाते.

मोमिनपुऱ्यातल्या दुकानाचे उदाहरण घेऊ. अर्धा किलो मटणात खाटकाने थोडी चरबी टाकून तोलले, तर हिशेबाच्या भाषेत ते सगळे मटण. गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी काढून वेगळी विकली, तर तीच चरबी ‘कच्ची प्राणिज चरबी’. पोटात गेलेली वस्तू एक, खाते मात्र दोन. आणि सावजीच्या रश्श्यावर तरंगणारी तर्री कितीही जाड दिसली तरी ती मुख्यतः फोडणीच्या तेलाची, म्हणून ती या डब्यात येतच नाही. ती वनस्पती तेलांत.

आता या पाच वस्तूंत प्रथिने किती? १०० ग्रॅम लोण्यात साधारण ०.८५ ग्रॅम. तुपात जवळपास काहीच नाही, कारण कढवताना बेरीबरोबर तीच तर निघून जातात. दाट क्रीममध्ये दोन ते तीन ग्रॅम. गुर्द्याभोवतीच्या कच्च्या चरबीत दीड ग्रॅमच्या आसपास, डुकराच्या पाठीच्या कच्च्या चरबीत तीनच्या जवळ, कारण त्यात ऊतींचे पापुद्रे असतात. हीच चरबी वितळवून गाळली की शून्य. माशांच्या तेलात शून्य. म्हणजे डब्याचे नाव चरबी, आणि आपण मोजतो आहोत तिला चिकटून आलेली घाण, जी चांगला कारखाना काढूनच टाकतो.

एक हिशेब करून बघू. कुठल्याही खऱ्या देशाचा नाही, आकडे गृहीत धरलेले आहेत. वर्षाला माणशी ३ किलो लोणी, ४ किलो कच्ची चरबी आणि १ किलो क्रीम. सूत्र सोपे: वर्षाचे किलो गुणिले १००० भागिले ३६५, म्हणजे रोजचे ग्रॅम, त्याला प्रथिनांच्या टक्केवारीने गुणायचे. लोणी रोज ८.२ ग्रॅम, त्यातून प्रथिने ०.०७. चरबी रोज ११ ग्रॅम, दीड टक्क्याने ०.१६. क्रीम २.७ ग्रॅम, अडीच टक्क्याने ०.०७. एकूण ०.३० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम धरली तर अंड्याचा विसावा भाग. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला रोज ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यात ०.३ कुठे शोधणार? याच तीन वस्तूंतून स्निग्धता मात्र रोज १८ ग्रॅम मिळते, म्हणजे दीडशेहून जास्त कॅलरी. या डब्यात बघायचे असेल तर ६८४ चा रकाना बघा. ६७४ चा नाही.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. वरच्या हिशेबात ती ४ किलो चरबी गुर्द्याची कच्ची न धरता वितळवलेली धरली, तर एकूण ०.३० वरून ०.१४ वर येते. डुकराच्या पाठीची धरली तर ०.४६ होते. लोकांनी खाल्लेले किलो तेवढेच, आकडा तिप्पट हलतो, कशामुळे? फक्त वस्तूला कोणता प्रथिनांचा गुणक लावला त्यामुळे. एखाद्या बेटाच्या आलेखात ०.१५ ची उडी दिसली आणि ‘प्रथिनांचा पुरवठा दुप्पट’ असे लिहून मोकळे झालात, तर कदाचित फक्त आयातीची वर्गवारी बदललेली असेल.

बेटांचा आकार आणि एका कंटेनरचा फरक

तुवालूची लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास. नागपूर शहराची २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर होती. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ३८ प्रभाग होते, म्हणजे सरासरी एका प्रभागात पाच-सहा तुवालू. आता २० टन लोण्याचा एक शीतकंटेनर ११ हजार लोकांच्या बेटावर उतरला असे समजा. माणशी १.८ किलो, रोजचे ५ ग्रॅम. तोच कंटेनर नागपुरात उतरला तर माणशी वर्षाला ८ ग्रॅम, म्हणजे वर्षभरात एक-दोन पोळ्यांना लावण्यापुरते. मोठ्या देशाच्या आकड्यात एक खेप दिसतही नाही, छोट्या बेटाच्या आकड्यात ती दिसते. जहाज ३० डिसेंबरला लागले की २ जानेवारीला, एवढ्याने वर्षाचा आकडा बदलतो. तक्त्यात ‘स्टॉक व्हेरिएशन’ (५०७२) हा रकाना आहे खरा, पण साठ्याची नोंद नसेल तर तिथेही अंदाजच असतो. शिवाय ताळेबंदात देशाचे एकूण प्रमाण हजार टनांत दिलेले असते. ५५ टनांची आयात म्हणजे ०.०५५. दोन दशांशांत ती ०.०६ होते, पूर्णांकात शून्य. म्हणून छोट्या बेटांसाठी एकाच वर्षाचा आकडा कधीही उचलू नये. सलग तीन वर्षांची सरासरी हा किमान उपाय.

प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असते, फ्लॅग. ‘ए’ म्हणजे अधिकृत, ‘ई’ म्हणजे अंदाज, ‘आय’ म्हणजे गणिताने भरलेली पोकळी, ‘एक्स’ म्हणजे दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून आलेला. माणशी प्रथिनांच्या रकान्यात फ्लॅग बघून उपयोग नाही, तो आकडा हिशेबानेच काढलेला असतो. फ्लॅग बघायचा तो उत्पादन (५५११) आणि आयातीचा (५६११). बेटाने स्वतः व्यापाराचे आकडे दिले नसतील तर विकणाऱ्या देशाच्या निर्यातीवरून ते भरले जातात. ही पद्धत रास्त आहे; पण माल आधी मोठ्या बंदरावर उतरून तिथून छोट्या बेटाकडे गेला, तर नोंद कोणाच्या नावावर होईल ते सांगता येत नाही.

पर्यटक हा दुसरा मोठा मुद्दा. मालदीवला २०२४ मध्ये २० लाखांवर पर्यटक आले, तिथली लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. एकेक पर्यटक आठवडाभर राहतो असे धरले तरी कोणत्याही दिवशी बेटांवर सुमारे ३८ हजार पाहुणे जेवत असतात. आणि रिसॉर्टच्या नाश्त्याला काय असते? लोणी, क्रीम, पेस्ट्री. नेमका आपलाच डबा. नव्या पद्धतीत यासाठी ‘टुरिस्ट कन्झम्प्शन’ (५१७१) असा वेगळा रकाना आहे. ज्या देशाचा तो रकाना रिकामा, तिथले रिसॉर्टचे लोणी रहिवाशांच्या पोटात गेले असे कागदावर दिसते. हा रकाना दिला याबद्दल सेवेला पूर्ण गुण. तो उघडून न बघणाऱ्या अभ्यासकाला शून्य.

गटाची सरासरी: याच्यापासून लांब राहा

लहान विकसनशील बेट-राष्ट्रे हा गट १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झाला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज ३९ सदस्य देश आहेत, सगळ्यांची मिळून लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी. नावात बेट असले तरी गयाना, सुरिनाम, बेलीझ आणि गिनी-बिसाऊ ही मुख्य भूमीवरची राष्ट्रेही त्यात आहेत. श्रीलंका बेट असून त्यात नाही; पुष्कळ प्रोजेक्टांत तिला घुसडलेले सापडते.

साडेसहा कोटींपैकी क्युबा, हैती, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि पापुआ न्यू गिनी या चौघांचेच सव्वाचार-साडेचार कोटी. ‘टोटल’ ही लोकसंख्येच्या वजनाने काढलेली सरासरी असते, म्हणून ती मुख्यतः या चार देशांची कथा सांगते. सामोआ, टोंगा, किरिबाती यांचे वजन त्यात नगण्य. आणि बेटांबद्दल जे आपल्याला जाणून घ्यायचे असते, ते बहुधा या छोट्यांबद्दलच असते. म्हणून लिस्ट घ्या, ५११ ची लोकसंख्या शेजारी ठेवा, आणि दोन्ही सरासऱ्या काढा: एक वजनासह, एक साधी. दोघींत मोठी तफावत आली तर गटाचा एकच आकडा छापण्यात अर्थ नाही, प्रदेशवार तोडून द्या: कॅरिबियन, पॅसिफिक आणि उरलेले. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या प्रत्येक देशाचा अन्न-ताळेबंद उपलब्ध नसतो, हेही ध्यानात ठेवा. गटात कोण मोजले आहे ते ‘डेफिनिशन्स अँड स्टँडर्ड्स’ च्या बटणाखाली मिळते.

मग बेटांवर चरबी येते कुठून

या ओळीवर विसंबून बेटांवर चरबी कमी खातात असे कोणी लिहिले, तर ते साफ चुकेल. पॅसिफिकमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून मटण-फ्लॅप्स येतात, म्हणजे मेंढीच्या बरगडीखालचा, पोटाकडचा चरबीदार भाग. लोकांच्या आरोग्यावर त्याचा इतका परिणाम दिसला की फिजीने २००० मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्यांवर बंदी घातली. २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती मागे घ्यावी लागली. याशिवाय डबाबंद कॉर्न्ड बीफ. हे तिन्ही पदार्थ चरबीने भरलेले, पण ताळेबंदात ते ‘मटन अँड गोट मीट’ (२७३२), ‘पोल्ट्री मीट’ (२७३४) आणि ‘बोवाइन मीट’ (२७३१) मध्ये बसतात. आणि मांस म्हणून बसतात तेव्हा त्यांना मांसाचा सरासरी गुणक लागतो, फ्लॅपचा वेगळा नाही. म्हणजे तिथे प्रथिने थोडी जास्त आणि चरबी थोडी कमी दाखवली जाण्याचा धोका. बंदीचा परिणाम शोधायचा असेल तर २९४६ च्या ओळीत तो मिळणारच नाही.

नारळाचे दाट दूध हेही अनेकांना ‘क्रीम’ मध्ये गेले असे वाटते. नाही, ते नारळाच्या खात्यात (२५६०), वनस्पतिजन्य बाजूला. आणि बेटांची प्राणिज प्रथिने बघायची तर पहिली ओळ ‘फिश, सीफूड’ (२९६०), मग मांस (२९४३), मग दूध लोणी वगळून (२९४८), मग अंडी (२९४९). चरबीचा डबा एकूण बेरीज जुळावी म्हणून ठेवा, स्वतंत्र निष्कर्षासाठी नको.

तरीही विषय हाच मिळाला असेल, सर किंवा मॅडम बदलून देत नसतील, तर निदान पुढचे करा. ‘सप्लाय युटिलायझेशन अकाउंट्स’ हा २०१० पासूनचा विभाग त्याच ठिकाणी आहे. तिथे लोणी वेगळे, तूप वेगळे, लार्ड (डुकराची वितळवलेली चरबी) वेगळे, टॅलो (गुरा-मेंढ्यांची वितळवलेली चरबी) वेगळे दिसते, आणि प्रत्येकाची रोजची प्रथिने व स्निग्धताही. अन्न-ताळेबंदातला ०.२ किंवा ०.३ नेमका कुठल्या वस्तूतून आला ते तिथे उलगडते. बहुतेक वेळा तो कच्ची चरबी किंवा क्रीम या दोघांपैकी एकीचा असतो. हा विभाग जास्त किचकट आहे, पण या कामासाठी अन्न-ताळेबंदापेक्षा सरस. माणसांनी प्रत्यक्ष काय खाल्ले हे हवे असेल तर दोन्ही विभाग अपुरे, कारण ते पुरवठा मोजतात. घरात वाया गेलेले आणि मटणाबरोबर खरकट्यात टाकलेली चरबी त्यात खाल्लेलीच धरली जाते. त्यासाठी एफएओ आणि डब्ल्यूएचओची ‘गिफ्ट’ ही व्यक्तिगत आहार-सर्वेक्षणांची सेवा बघा. देश कमी आहेत, पण आकडे ताटातले आहेत.

जुना आणि नवा संच एकाच रेषेत जोडू नका. २०१० ते २०१३ ही चार वर्षे दोन्हींत आहेत. तिथे दोन्ही आकडे शेजारी मांडले की पद्धतीमुळे किती फरक पडतो ते समजते, आणि तो फरक या ओळीत मूळ आकड्याएवढाही असू शकतो. नवा संच दर आवृत्तीला मागच्या वर्षांसह सुधारला जातो, त्यामुळे मार्चमध्ये उतरवलेला तक्ता पुढच्या वर्षीच्या तक्त्याशी जुळेलच असे नाही. तक्त्याखाली विभागाचे पूर्ण नाव, ५८०३, २९४६ आणि ६७४ हे तीन कोड, ‘टोटल’ की ‘लिस्ट’, आणि उतरवल्याची तारीख लिहा. मूळ सीएसव्ही फाइल तशीच जपून ठेवा. दुरुस्त्या तिच्या प्रतीवर करा.